गटेचे मित्र: शिलर, त्सेल्टर आणि वायमारचे बाकीचे

पानगळ

गटेचं नाव निघालं की आपल्याकडे 'फाउस्ट' नाटक आणि 'शाकुंतल' एवढ्यावर बोलणं थांबतं. मला त्याची पत्रं त्याच्या कवितेइतकीच जवळची वाटतात, आणि त्यातही फ्रीडरिश शिलरबरोबरची. अकरा वर्षांत दोघांमध्ये हजारावर पत्रांची देवाणघेवाण झाली. हा धागा मुख्यतः त्या मैत्रीसाठी. गटेच्या इतर मित्रांविषयी ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

गटेचा जन्म १७४९ चा, फ्रँकफर्टच्या सुखवस्तू घरातला. शिलर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, मारबाखच्या एका लष्करी माणसाचा मुलगा, तिथल्या ड्यूकच्या, म्हणजे संस्थानिकाच्या, हुकमानं श्टुटगार्टच्या लष्करी विद्यालयात डांबलेला. १७७९ च्या डिसेंबरात त्या विद्यालयात बक्षीस समारंभ झाला. पाहुण्यांमध्ये वायमारचा तरुण ड्यूक कार्ल आउगुस्ट आणि त्याच्यासोबत तीस वर्षांचा, 'व्हेर्टर' कादंबरीमुळे युरोपभर गाजलेला गटे. बक्षीस घ्यायला पुढे आलेल्या मुलांमध्ये वीस वर्षांचा शिलर होता. गटेला तो चेहरा लक्षात राहण्याचं काही कारण नव्हतं.

खरी ओळख व्हायला १७८८ चा सप्टेंबर उजाडला. गटे दोन वर्षं इटलीत राहून नुकताच परतला होता. रूडोलश्टाट गावी लेंगेफेल्ड कुटुंबाच्या घरी दोघांची गाठ घालून देण्यात आली. शिलर आशेनं गेला होता. पण गर्दी होती, गटे इटलीबद्दल बोलत राहिला, आणि दोघांचं असं बोलणं झालंच नाही. त्यानंतर शिलरनं क्योर्नर या जिवलग मित्राला लिहिलं की आम्ही दोघं कधी जवळ येऊ असं वाटत नाही. पुढच्या फेब्रुवारीतलं पत्र तर जळजळीत आहे: या माणसाच्या सहवासात वरचेवर राहणं मला दुःखी करील, जवळच्यांपुढेसुद्धा तो मन मोकळं करत नाही, त्यानं माझ्या मनात प्रेम आणि द्वेष यांचं विचित्र मिश्रण जागं केलंय. सीझरबद्दल ब्रूटस आणि कॅसियसला जे वाटलं असेल तसंच काहीतरी, असं त्यानं लिहिलंय.

गटेची बाजूही समजण्यासारखी आहे. इटलीत तो ग्रीक-रोमन शिल्पांच्या संयमात रमला होता. परत येऊन पाहतो तर तरुण मंडळी शिलरच्या 'दरोडेखोर' नाटकाच्या वेडात. स्वतःच्या तरुणपणातलं जे वादळ त्यानं मोठ्या कष्टानं मागं टाकलं होतं, तेच दारात उभं. शिलरला येना विद्यापीठात प्राध्यापकी मिळावी म्हणून गटेनं शिफारस केली खरी, पण ती जागा बिनपगारी होती. वायमार आणि येना ही गावं जेमतेम वीस किलोमीटरवर. तरीही सहा वर्षं दोघं एकमेकांना टाळत राहिले.

१७९४ च्या जुलैत येनाच्या निसर्गअभ्यासक मंडळाच्या सभेतून दोघं एकाच वेळी बाहेर पडले. शिलर म्हणाला, निसर्गाचे असे तुकडे पाडून सांगितलं की सामान्य माणसाला त्यात गोडी कशी वाटणार? गटेला हे मनापासून पटलं. बोलत बोलत शिलरचं घर आलं, गटे आत गेला, आणि कागदावर चार रेघा ओढून त्यानं आपली 'आदिवनस्पती' समजावून सांगायला घेतली. सगळ्या झाडांच्या मुळाशी असलेलं एकच रूप, अशी ती कल्पना. शिलरनं मान हलवली: हा अनुभव नाही, ही कल्पना आहे. गटे दुखावला. पण सावरून म्हणाला की मला नकळत कल्पना सुचतात आणि त्या मी डोळ्यांनी पाहतोसुद्धा, हे तर छानच आहे!

ही मैत्री मतभेदाच्या एका वाक्यावर उभी राहिली. एक डोळ्यांनी विचार करणारा, दुसरा तत्त्वज्ञ कांट वाचून तत्त्वाकडून वस्तूकडे येणारा. महिनाभरात, २३ ऑगस्टला, शिलरनं एक लांबलचक पत्र लिहून गटेच्या प्रतिभेची सगळी वाटचाल मांडली. तुम्ही ग्रीसमध्ये किंवा निदान इटलीत जन्मला असतात तर तुमची वाट किती सोपी झाली असती. उत्तरेत जन्मल्यामुळे तुम्हाला आपला ग्रीस आतून, विचाराच्या बळावर उभा करावा लागला, असा त्याचा गाभा. गटेनं उत्तर दिलं की या आठवड्यात येणाऱ्या माझ्या वाढदिवसाला याहून चांगली भेट मिळाली नसती. पंचेचाळीस वर्षांच्या, युरोपभर नाव झालेल्या माणसाला आपल्याला कोणीतरी पूर्ण वाचलंय असं त्या दिवशी वाटलं असावं.

पुढे गटेनं त्याला दोन आठवडे घरी राहायला बोलावलं. शिलरची तब्येत १७९१ पासून ढासळलेलीच होती. त्यानं आधीच कळवलं की रात्री झोप लागत नाही म्हणून सकाळी झोपावं लागतं, घरातल्या कुठल्याही वेळा मला पाळता येणार नाहीत. तुमच्या घरी आजारी असण्याची मोकळीक तेवढी द्या. गटेनं दिली.

त्यानंतरची पत्रं म्हणजे चालू कामाच्या गप्पा आहेत. 'विल्हेल्म माइस्टर' कादंबरीचे भाग हस्तलिखितातच शिलरकडे जायचे आणि तो पानापानावर टिपणं पाठवायचा. शिलरची 'इबिकसचे करकोचे' ही कथाकविता माझी विशेष आवडती. विषय आधी गटेच्या मनात होता. मसुदा पाहून त्यानं सुचवलं की करकोचे दोनचार नकोत, अख्खा थवा असू दे, स्थलांतर करणारा, निसर्गात दिसतो तसा. शिलरनं कबूल केलं की करकोचे मला फक्त कवितांमधल्या उपमांतून माहीत आहेत! 'विल्हेल्म टेल'चंही तसंच. १७९७ च्या स्वित्झर्लंडच्या प्रवासात गटेला त्यावर महाकाव्य लिहावंसं वाटलं होतं. ते राहिलं, आणि विषय शिलरकडे गेला. शिलरनं स्वित्झर्लंड कधीच पाहिलं नाही. गटेनं सांगितलेले डोंगर आणि सरोवरं घेऊन त्यानं १८०४ मध्ये ते नाटक रंगभूमीवर आणलं.

उलट दिशेनं 'फाउस्ट'. वर्षानुवर्षं बांधून ठेवलेलं ते बाड पुन्हा उघडायला लावलं शिलरनं. १७९८ च्या जानेवारीत गटेनं त्याला लिहिलंय की तुम्ही मला दुसरं तारुण्य दिलंत, मला पुन्हा कवी केलंत.

९ मे १८०५ ला शिलर गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. गटे स्वतः आजारी होता. त्याला ही बातमी सांगण्याची हिंमत कोणाला होईना. रात्रभर घरातली कुजबुज त्याला जाणवत राहिली, आणि सकाळी आपली सहचारिणी क्रिस्टियाने हिला त्यानं विचारलं, शिलर काल फार आजारी होता का? ती रडायला लागली, त्यावरून त्याला कळलं. अंत्यविधीला तो गेला नाही. तीन आठवड्यांनी त्यानं बर्लिनच्या त्सेल्टर या मित्राला लिहिलं: वाटलं होतं मीच जाणार, आता मित्र गमावलाय, आणि त्याच्याबरोबर माझं अर्धं अस्तित्व.

---

शाईचा_डाग

फार सुंदर लिहिलंत. ते करकोच्यांचं वाचून मी ती कविता काढून परत वाचली. थवा रंगमंदिराच्या वरून जातो तो क्षण त्या एका सूचनेमुळे किती मोठा झालाय.

एक विचारू का? शिलर गटेचा मत्सर करत होता असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. तो पुढे कुठे गेला?

---

पानगळ

शाईचा_डाग, त्याचं उत्तर शिलरनंच एका वाक्यात दिलंय. २ जुलै १७९६, 'विल्हेल्म माइस्टर' पूर्ण वाचून झाल्यावरचं पत्र: श्रेष्ठ गोष्टीसमोर माणसाला प्रेमाखेरीज दुसरं स्वातंत्र्य नाही. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तो माणूस रोज खोकत, उधारीचा हिशेब मांडत, रात्ररात्र जागून लिहीत होता, आणि समोर मंत्रिपद, बाग, मोठं घर असलेला गटे. ते शल्य जाणूनबुजून बाजूला ठेवावं लागलं असणार. म्हणूनच मला हे वाक्य कमावलेलं वाटतं.

---

वाटसरू_डेक्कन

उत्तम धागा. शाकुंतलाचा उल्लेख आलाय म्हणून थोडं.

'गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला' हे आपण शाळेपासून ऐकतो. असा काही प्रसंग त्याच्या पत्रांत वा रोजनिशीत नाही. आहेत त्या चार ओळी, १७९१ च्या. वसंतातली फुलं आणि नंतरची फळं, जे मोहवतं आणि जे तृप्त करतं, स्वर्ग आणि पृथ्वी, हे सारं एका नावात हवं असेल तर शाकुंतला, मी तुझं नाव घेतो आणि सगळं सांगून होतं, असा त्यांचा आशय. माझ्या मते नाचण्यापेक्षा या ओळी कितीतरी मोठ्या आहेत. आणि ते प्रेम टिकलं. १८३० मध्ये, म्हणजे ८१ व्या वर्षी, पॅरिसच्या शेझी या संस्कृत अभ्यासकानं मूळ संहितेसह फ्रेंच भाषांतर पाठवलं तेव्हा गटेनं त्याला लिहिलेलं आभाराचं पत्र तितकंच भारावलेलं आहे. 'फाउस्ट'च्या सुरुवातीला सूत्रधार, कवी आणि विदूषक यांचा जो प्रवेश आहे, त्यामागे शाकुंतलाची प्रस्तावना आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पण या गोष्टीतला मित्र आपण विसरतो. तो म्हणजे गेऑर्ग फोर्स्टर. विल्यम जोन्सचं इंग्रजी शाकुंतल १७८९ मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं. त्यावरून फोर्स्टरनं १७९१ मध्ये जर्मन केलं, आणि तेच गटेनं वाचलं. फोर्स्टर कोवळ्या वयात कॅप्टन कुकच्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला. पुढे माइन्झला ग्रंथपाल. १७९२ च्या ऑगस्टमध्ये गटे फ्रान्सविरुद्धच्या मोहिमेवर ड्यूकबरोबर निघाला असताना माइन्झला थांबला आणि फोर्स्टर वगैरे मंडळींसोबत दोन संध्याकाळी हसतखेळत घालवल्या. राजकारणाचा विषय सगळ्यांनी जपून टाळला, असं गटेनंच नंतर लिहिलंय. वर्षभरात माइन्झमध्ये फ्रेंचांच्या पाठिंब्यानं प्रजासत्ताक आलं, फोर्स्टर त्याचा पुढारी झाला, आणि गटे माइन्झला वेढा घालणाऱ्या सैन्याच्या छावणीत होता. फोर्स्टर तोवर प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला होता. तिथंच जानेवारी १७९४ मध्ये, चाळिशीही न गाठता, एकटा वारला.

आपल्या कालिदासाला गटेच्या टेबलापर्यंत पोचवणारा माणूस हा. पुण्या-मुंबईत मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकताना गटे सगळ्यांना भेटतो. फोर्स्टरही भेटायला हवा असं मला मनापासून वाटतं.

---

अबोली_७

वाटसरू, ही माहिती पूर्ण नवीन. मनापासून आभार. शिलरनं शाकुंतल वाचलं होतं का?

---

वाटसरू_डेक्कन

हो अबोलीताई, आणि गटेच्याही आधी. फोर्स्टरच्या भाषांतरातले काही प्रवेश शिलरनं आपल्या 'थालिया' नियतकालिकात १७९० मध्येच छापले होते. पुढे १८०२ मध्ये ते वायमारच्या रंगमंचावर आणता येईल का याचाही त्यानं विचार केला, आणि जमणार नाही असं गटेला कळवलं. आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही.

---

कातळशिल्प

लेख आवडला, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. गटेची मैत्री ज्यांना मिळाली त्यांच्याबद्दल आपण लिहितो. ज्यांना मिळाली नाही, किंवा मिळून गेली, त्यांचं काय?

याकोब लेन्त्स. स्ट्रासबुर्गच्या दिवसांतला सोबती, गटेच्या बरोबरीचा समजला जाणारा नाटककार. १७७६ च्या एप्रिलमध्ये मोठ्या आशेनं वायमारला आला. गटे तिथं जेमतेम पाच महिन्यांपूर्वी स्थिरावला होता. नोव्हेंबरअखेर लेन्त्सकडून काहीतरी घडलं. गटेच्या रोजनिशीत एवढंच: 'लेन्त्सचा गाढवपणा'. १ डिसेंबरला त्याला संस्थानातून जावं लागलं. नेमकं काय झालं ते गटेनं जन्मभर सांगितलं नाही. लेन्त्सचं मन पुढे पुरतं ढासळलं, आणि १७९२ मध्ये मॉस्कोच्या रस्त्यावर तो मेलेला सापडला.

हाइनरिश फॉन क्लाइस्ट. १८०८ मध्ये त्यानं 'हृदयाचे गुडघे टेकून' आपल्या नियतकालिकाचा पहिला अंक पाठवला. गटेचं उत्तर थंडगार. त्याच वर्षी 'फुटका घडा' हे क्लाइस्टचं नाटक गटेच्या देखरेखीखाली वायमारला झालं. एकसलग खेळायचं नाटक अंकांत तोडलं आणि ते पडलं. आज जर्मन रंगभूमीवरची ती एक सर्वोत्तम सुखात्मिका मानली जाते. क्लाइस्टनं १८११ मध्ये आत्महत्या केली.

होल्डरलिन, आज जर्मन भाषेतला थोर कवी मानला जातो तो. १७९४ मध्ये येनाला शिलरच्या घरी एक अनोळखी माणूस बसलेला होता, होल्डरलिननं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. संध्याकाळी कळलं की तो गटे होता. तीन वर्षांनी भेट झाली तेव्हा गटेनं सल्ला दिला की छोट्या कविता लिहीत जा. कोणाला? होल्डरलिनला!

या तिघांच्या बाबतीत गटेची पारख चुकली असं म्हणून मला थांबता येत नाही. त्याच्या हातात रंगभूमी होती, दरबार होता, शब्दाला वजन होतं. एका बऱ्या पत्रानंसुद्धा फरक पडला असता.

---

पानगळ

कातळशिल्प, तुम्ही दिलेली एकही घटना नाकारता येत नाही, आणि क्लाइस्टच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. ते नाटक ज्या तऱ्हेनं केलं गेलं त्याला क्षमा नाही.

लेन्त्सबद्दल मात्र मला वेगळं दिसतं. गटेच्या आसपास आत्मनाशाकडे निघालेली माणसं फार होती. व्हेट्झलारला ज्याच्या मृत्यूवरून 'व्हेर्टर'चा शेवट आला तो येरुझालेम. डार्मश्टाटचा मेर्क, ज्याच्या खटपटीनं 'ग्योट्झ' हे नाटक १७७३ मध्ये स्वखर्चानं छापून निघालं, गटेला त्याच्या तोंडावर खरं सुनावणारा बहुधा एकमेव माणूस. 'फाउस्ट'मधल्या मेफिस्टो या सैतानाच्या बोचऱ्या बोलण्यात त्याचा अंश आहे असं गटेच्या आत्मचरित्रातून दिसतं. मेर्क कर्जात बुडाला, गटेनं त्याच्यासाठी ड्यूककडे शब्द टाकला, मदतही झाली, तरी १७९१ मध्ये त्यानं स्वतःवर गोळी झाडली. हे सगळं पाहणारा माणूस लेन्त्स आणि क्लाइस्ट यांच्यात ज्या दरीकडे बघत होता ती त्याची स्वतःचीच होती. तो घाबरून मागे सरकत होता असं मला वाटतं. त्यामुळे लेन्त्सचं दुःख कमी होत नाही, हेही खरं.

---

षड्ज_गंधार

पानगळ, आत्मनाशाचा विषय निघालाच आहे तर त्सेल्टरबद्दल लिहायलाच हवं. मी गाण्याच्या बाजूनं गटेपर्यंत आले, त्यामुळे माझ्यासाठी गटेचा खरा जिवलग तोच.

कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर बर्लिनचा. पेशानं गवंडीकाम करणारा, त्यातला उस्ताद, आणि सोबत संगीतरचनाकार, पुढे बर्लिनच्या 'झिंग-आकाडेमी' या गायकवृंदाचा प्रमुख. हातानं भिंती बांधलेला माणूस. १७९९ मध्ये पत्रव्यवहार सुरू झाला तो दोघांच्या मरणापर्यंत. बर्लिनजवळच्या टेल्टोचे छोटे सलगम गटेला फार आवडत, ते त्सेल्टर आठवणीनं पाठवायचा. पत्रांत सलगम आहेत, बांधकामं आहेत, गायकांची भांडणं आहेत. शिलरबरोबरच्या पत्रांत इतकं घर दिसत नाही.

१८१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्सेल्टरच्या सावत्र मुलानं आत्महत्या केली. त्सेल्टरनं ते गटेला कळवलं. ३ डिसेंबरचं गटेचं उत्तर 'तू' या संबोधनानं येतं. तोवर तेरा वर्षं दोघं 'अहो-जाहो'त होते. शिलरला तर त्यानं अखेरपर्यंत 'तुम्ही'च म्हटलं. त्या पत्रात गटे लिहितो की जगण्याचा वीट माणसाला पकडतो तेव्हा त्याला दोष देऊ नये, त्याची कीव करावी. या विचित्र आजाराची सगळी लक्षणं माझ्यातही एकदा थैमान घालून गेलीत, 'व्हेर्टर' त्याची साक्ष आहे. साठी उलटलेल्या, राजमान्य माणसानं पोरक्या झालेल्या बापाला हे लिहिणं, मला तरी गटेच्या सगळ्या गद्यात सर्वांत धीराचं वाटतं.

१८२१ मध्ये त्सेल्टर आपल्या बारा वर्षांच्या शिष्याला घेऊन वायमारला आला. तो म्हणजे पुढे संगीतकार झालेला फेलिक्स मेंडेलसोन. गटेनं त्याच्यापुढे मोझार्ट आणि बेथोवेनची हस्तलिखितं ठेवली आणि मुलानं ती वाजवून दाखवली. याच त्सेल्टरच्या गायकवृंदासह मेंडेलसोननं १८२९ मध्ये बाखची 'मॅथ्यू पॅशन' ही धार्मिक संगीतरचना विस्मृतीतून बाहेर काढली.

कातळशिल्प यांच्या यादीत मी संगीतकार शूबर्टचं नाव घालते. १८१६ मध्ये त्याच्या मित्रानं गटेच्या कवितांवरच्या गाण्यांची वही पाठवली, ती उत्तराशिवाय परत आली. १८२५ मध्ये शूबर्टनं स्वतः पाठवलेल्या गाण्यांनाही उत्तर नाही. गाणं कवितेच्या मागून चालावं, असं गटेचं मत होतं, आणि त्सेल्टर तसंच करायचा. शूबर्ट गेल्यावर, १८३० मध्ये, श्रोएडर-देव्हरिएंट या गायिकेनं गटेला 'एर्लक्योनिग' हे शूबर्टचं गाणं म्हणून दाखवलं तेव्हा कुठे त्याला त्याचं मोल दिसलं.

---

नदीकाठ

सगळे पुरुषच चाललेत, म्हणून मी.

शार्लोट फॉन श्टाईन. गटेहून सात वर्षांनी मोठी, विवाहित, सात बाळंतपणं झालेली. वायमारच्या पहिल्या दहा वर्षांत गटेनं तिला सतराशेच्या आसपास पत्रं आणि चिठ्ठ्या लिहिल्या. फ्रँकफर्टच्या त्या धसमुसळ्या तरुणाला बोलावं कसं, थांबावं कधी, हे तिनं शिकवलं. मग सप्टेंबर १७८६ मध्ये तो तिलाही न सांगता कार्ल्सबाडहून पहाटे निघाला आणि 'म्योलर' नावाचा चित्रकार बनून इटलीला गेला. परतल्यावर महिन्याभरात क्रिस्टियाने वुल्पियस त्याच्या आयुष्यात आली. श्टाईनबाईंनी आपली पत्रं परत मागून घेतली आणि नष्ट केली. आज आपण फक्त अर्धं बोलणं वाचतो.

क्रिस्टियाने कृत्रिम फुलं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, भावासाठी अर्ज घेऊन गटेला बागेत भेटली. अठरा वर्षं लग्नाशिवाय राहिली. ज्या शिलरला गटेच्या घरी आजारी असण्याची मोकळीक मिळाली, त्याच्या पत्रांत ते घर चालवणाऱ्या बाईचं नाव जवळपास येत नाही. हे वाचताना मला फार त्रास होतो. १४ ऑक्टोबर १८०६ ला येनाच्या लढाईनंतर फ्रेंच शिपाई घरात घुसले तेव्हा गटेच्या बचावासाठी तीच मध्ये पडली. पाच दिवसांनी त्यानं तिच्याशी लग्न केलं आणि अंगठीवर लढाईची तारीख कोरून घेतली. गावातल्या मानी घरांची दारं तरी बंदच होती. योहाना शोपेनहाउअर या लेखिकेनं पहिल्यांदा तिला घरी बोलावलं; गटेनं तिला आपलं नाव दिलंय तर आपण तिला एक कप चहा द्यायला हरकत नाही, असं म्हणाली.

आणि मारियाने फॉन विलेमर. गटेच्या १८१९ च्या 'पश्चिम-पूर्व दिवाण' या कवितासंग्रहात सुलैखा या नायिकेच्या तोंडी असलेल्या काही कविता तिच्या आहेत. गटेनं त्या आपल्या नावाखाली छापल्या, तिनं वर्षानुवर्षं कोणाला बोलून दाखवलं नाही, उतारवयात हेर्मान ग्रिम या अभ्यासकाला सांगितलं. तिच्या मृत्यूनंतर, १८६९ मध्ये, हेर्मान ग्रिमनं ते जाहीर केलं. षड्ज_गंधार, शूबर्टची सुलैखाची दोन्ही गाणी तिच्याच कवितांवर आहेत.

---

षड्ज_गंधार

नदीकाठ, पश्चिमवाऱ्याचं ते गाणं मी कितीतरी वेळा ऐकलंय. कवयित्रीचं नाव आज कळलं. आता ते सांगूनच ऐकवीन.

---

अबोली_७

एकरमानबद्दल कोणी लिहिलं नाही. 'गटेशी संवाद' हे पुस्तक सगळ्यांनी वाचावं, पण ते लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळीच आहे. विन्झेन गावच्या फेरीवाल्याचा मुलगा, १८२३ च्या जूनमध्ये पायी प्रवास करत गटेकडे आला, थोड्या दिवसांच्या भेटीसाठी. गटेनं त्याला ठेवून घेतलं. नऊ वर्षं तो जुनी हस्तलिखितं लावत होता, समग्र आवृत्तीचं काम बघत होता, आणि 'फाउस्ट'चा दुसरा भाग पुरा करा म्हणून म्हाताऱ्यामागे लागत होता. नियमित पगार नाही. इंग्रजीच्या शिकवण्या घेऊन दिवस काढायचा. त्याची वाग्दत्त वधू हानोवरला वाट पाहत राहिली, लग्न झालं १८३१ मध्ये, आणि तीन वर्षांत ती बाळंतपणात गेली.

शिलरच्या टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदं असायची आणि त्या वासाशिवाय त्याला लिहिता येत नसे, ही प्रसिद्ध गोष्ट आपल्याला कळते ती एकरमानमुळेच. गटेला त्या वासानं भोवळ आली होती.

याला मैत्री म्हणावं का? मला प्रश्न पडतो. पण मेहनताना बुडाला अशी तक्रार त्याच्या पुस्तकात कुठे नाही.

---

कातळशिल्प

अबोली, तक्रार नाही म्हणून अन्याय नव्हता असं मी म्हणणार नाही. माहिती मात्र अप्रतिम.

कार्ल आउगुस्टबद्दल एवढंच लिहितो. १७७५ मध्ये अठरा वर्षांच्या ड्यूकनं सव्वीस वर्षांच्या गटेला बोलावलं, वर्षभरात बागेतलं घर आणि राज्यकारभारात जागा दिली. खाणी, रस्ते, सैन्यभरती, सगळं त्याच्या गळ्यात. रुसवेफुगवे बरेच झाले, तरी नातं १८२८ पर्यंत, ड्यूकच्या मृत्यूपर्यंत टिकलं. तेव्हा गटे अंत्यविधी टाळून डोर्नबुर्गच्या वाड्यात जाऊन राहिला आणि दोन महिने झाडं, ढग बघत कविता लिहिल्या. शिलरच्या वेळी नाही, इथंही नाही. मित्रांच्या मरणाला हा माणूस सामोरा जाऊ शकत नव्हता.

---

पानगळ

कातळशिल्प, अंत्यविधी टाळायचा हे खरं. पण १८२६ चं पाहा.

शिलरला वायमारच्या एका सामाईक तळघरात पुरलं होतं. वीस वर्षांनी ते रिकामं करायची वेळ आली तेव्हा महापौर श्वाबनं रात्री माणसं घेऊन तेवीस कवट्या बाहेर काढल्या आणि सर्वांत मोठी ती शिलरची असं ठरवलं. ती ग्रंथालयात ठेवली गेली, आणि गटेनं काही काळ ती गुपचूप आपल्या घरी आणून ठेवली. तिच्यावर त्यानं कविताही लिहिली. १८२७ मध्ये ते अवशेष राजघराण्याच्या दफनघरात हलवले, आणि १८३२ मध्ये गटेलाही तिथंच ठेवलं. २००८ मध्ये जनुकीय तपासणीत निष्पन्न झालं की ती कवटी शिलरची नव्हतीच. आज शिलरची शवपेटी रिकामी आहे.

मला त्या कवितेचं मोल यामुळे तसूभरही कमी वाटत नाही. सत्त्याहत्तरीतला गटे ज्याच्याशी बोलत होता तो शिलरच होता.

आणि त्याच सुमारास त्यानं आणखी एक काम हाती घेतलं होतं. दोघांची पत्रं त्यानं स्वतः जमवली, लावली आणि १८२८-२९ मध्ये सहा खंडांत छापली. क्योर्नरला लिहिलेली शिलरची ती जळजळीत पत्रं त्यात नाहीत, ती नंतर वेगळी प्रसिद्ध झाली. ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांनी १७९४ च्या २३ आणि २७ ऑगस्टच्या पत्रांपासून करावी, मग थेट १७९७ च्या उन्हाळ्यावर जावं. तिथं करकोचे आहेत, 'टेल' आहे, होल्डरलिनच्या त्या भेटीचा वृत्तान्तही आहे. मधली नियतकालिकांच्या हिशेबांची पत्रं पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील. त्सेल्टरचा पत्रव्यवहार मात्र षड्ज_गंधार म्हणतात तसा ३ डिसेंबर १८१२ पासून उघडा.